बाल्कनीतले चार दिवस

"ते काही मला सांगू नकोस. गेल्या वर्षी हेच, त्याच्या आदल्या वर्षीही हेच," माई म्हणाल्या. "नेमकी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाच तुझी अडचण येते. देवीला विचारून येते काय?"

कुंदा बाल्कनीतल्या गादीवर भिंतीला टेकून बसली होती. कॉलेजातून आल्यावर पाय धुऊन ती सरळ इथे आली होती आणि येता येता "मी बाजूला आहे" एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून सासूबाईंचा पट्टा सुरू होता. उद्या संध्याकाळी सोसायटीतल्या बायका यायच्या होत्या. टोपलीभर कैऱ्या येऊन पडल्या होत्या. हरभऱ्याची डाळ भिजत घालायची होती, पन्ह्याचा गूळ चिरायचा होता, गौरीपुढची आरास मांडायची होती. आणि जिच्या भरवशावर माईंनी अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रणं देऊन टाकली होती ती सून गादीवर पाय पसरून बसलेली.

"असू दे गं माई," मधुकर सोफ्यावरून आईला म्हणाला. "तिच्या हातात आहे का ते? निसर्ग आहे."

"निसर्ग दोन वर्षांपूर्वीच संपलाय, बाबा," अबोली म्हणाली.

ती आत्ताच अंधेरीहून ऑफिस करून आली होती. खांद्यावरची बॅगही तिनं उतरवली नव्हती. "विचारा ना तिला. काल डॉक्टरांना काय सांगितलं ते विचारा."

कुंदानं डोळे मिटून घेतले. काल ती दुखरं मनगट दाखवायला हाडांच्या डॉक्टरांकडे गेली होती आणि लेक हौसेनं बरोबर आली होती. डॉक्टरांनी हाडांच्या झिजेचं सांगता सांगता पाळीचं विचारलं आणि कुंदा खरं बोलून गेली, की थांबून दोन वर्षं उलटली. डॉक्टरांपुढे खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही, आणि शेजारच्या खुर्चीत मुलगी बसली आहे हेही त्या क्षणी ध्यानात नव्हतं. घरी येताना रिक्षात अबोली एक अक्षर बोलली नाही. कुंदाला वाटलं, पोरीच्या लक्षात आलं नसावं.

माईंना उमजायला जरा वेळ लागला. त्यांनी गादीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या वेगळ्या ताटवाटीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"म्हणजे हे सगळं नाटक होतं?"

"हो," कुंदा म्हणाली.

त्यानंतर तिघंही बोलली आणि बराच वेळ बोलली. माईंचं म्हणणं, माझे गुडघे गेलेत हे माहीत असून तू मला महिन्यातले चार दिवस ओट्याशी उभं केलंस. दोन गौरी मी एकटीनं ओढल्या. वर ते सगळं देवाच्या नावावर. मधुकर दुखावला होता. दमत होतीस तर मला सांगायचंस, मी काय परका आहे का, असं तो परत परत म्हणत होता. अबोलीचं दुःख वेगळंच होतं. ती सोफ्याच्या हातावर बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत फिरते, माझ्या आईनं माझ्या वाटचं बसणं स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि तू मजेत बसत होतीस?"

गंमत अशी, की एवढं सगळं होऊनही तिघांपैकी कोणी बाल्कनीच्या सरकत्या दाराची पट्टी ओलांडली नव्हती. सुनेला विटाळ नाही हे आता सिद्ध झालं होतं, तरी भांडण पट्टीच्या अलीकडून पलीकडे चाललं होतं.

"ऊठ मग," माई शेवटी म्हणाल्या. "डाळ भिजत घाल."

कुंदा उठली. तिनं डाळ भिजत घातली.

कुंदा लग्न होऊन मुलुंडच्या या घरात आली तेव्हा तिला या प्रकाराचा मनापासून संताप यायचा. तिच्या माहेरी असलं काही पाळत नसत. इथे माईंचा कायदा होता. चार दिवस बाल्कनीत. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी चादर. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, देवघराकडे फिरकायचं नाही. तिच्या ऑफिसातली एक बाई सांगायची, की आमच्याकडे बाजूला बसलेलीला निदान तांदूळ निवडायला देतात, शेंगा सोलायला देतात. माईंच्या घरात तेही चालत नसे. सुनेच्या पगाराचं मोल माईंना कळत होतं, म्हणून नोकरीपुरती पळवाट त्यांनीच काढून दिली होती: बाहेरचं बाहेर. आंघोळ करून कामाला जावं, परत आल्यावर पाय धुऊन बाल्कनी गाठावी. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हालं की संसार पुन्हा चालू. त्या सुरुवातीच्या वर्षांत कोणी पाहुणा येऊन "सूनबाई दिसत नाहीत?" म्हणाला की बाल्कनीत बसलेल्या कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अबोली आठवीत असताना एक दिवस माईंनी आईच्या गादीशेजारी तिचीही गादी घातली. त्या दिवशी कुंदा पहिल्यांदा सासूपुढे आवाज चढवून बोलली. मी बसते आहे, हवं तर जन्मभर बसेन, पण हिला यात ओढायचं नाही. माईंनी बोलणं टाकलं, एक वेळचं जेवण टाकलं, आणि शेवटी घरात एक तरी पाळतेय ना, अशी स्वतःची समजूत घालून गादी उचलली. हीच गोष्ट अबोली पुढे मैत्रिणींना सांगायची, ऑफिसात सांगायची, महिला दिनाला एकदा माईक हातात घेऊनही तिनं सांगितली होती.

गोष्ट खरीच होती. फक्त पुढचा भाग अबोलीला माहीत नव्हता.

मधल्या वर्षांत कधीतरी कुंदा त्या चार दिवसांची वाट बघायला लागली. कधीपासून, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती घाटकोपरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होती. फॉर्म, हॉलतिकिटं, बाकांवरचे नंबर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, निकाल, मग निकालाबद्दल भांडायला येणारे पालक, आणि तोवर पुढच्या परीक्षेचे फॉर्म. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कोणाचं तरी वर्ष जायचं, म्हणून डोकं दिवसभर आवळलेलं. घरी दार उघडून आत पाऊल टाकलं, की चप्पल काढायच्या आत कोणीतरी काहीतरी विचारायचंच. भाजी कोणती करायची, गॅसवाला आला होता, माझी निळी फाइल पाहिलीस का.

त्या चार दिवसांत कोणी काही विचारत नसे, कारण विचारून उपयोग नव्हता. तिला भाजी चिरता येत नव्हती, फ्रिज उघडता येत नव्हता, कपाटातला टॉवेल काढून देता येत नव्हता. ती ग्रिलला पाय लावून पडायची. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक माणूस रोज कबुतरांना दाणे घालायचा, त्याच्याकडे बघत राहायची. नाहीतर नुसती झोपायची. माईंनी पट्टीवरून ताट आत सरकवलं की जेवायची. पहिला दिवस नुसता डोकं गरगरण्यात जायचा. दुसऱ्या दिवशी झोप लागायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिला जाणवायचं, की आपले खांदे कानांपासून खाली उतरलेत. पाचव्या दिवशी न्हाऊन पोळ्या लाटायला उभी राहिली की ती गुणगुणायची, आणि मधुकर म्हणायचा, आज स्वारी खुशीत दिसतेय.

पन्नाशी उलटली आणि पाळी चुकायला लागली. दोन दोन महिने यायची नाही, मग तीन. माई म्हणाल्या, सुटशील गं आता. अडचण नाही म्हणजे गादी नाही, गादी नाही म्हणजे रोजचा दिवस रोजच्यासारखा. त्या हिवाळ्यात कॉलेजात दोन माणसांच्या जागा भरल्याच नाहीत आणि त्यांचं काम कुंदाच्या टेबलावर आलं. रात्री झोप लागेना, सकाळी डोळे उघडेनात. बोलता बोलता शब्द हरवायचे. चमच्याला चमचा म्हणायचं सुचायचं नाही.

एकदा घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडताना ती मध्यावर थांबली. आपण कॉलेजात चाललोय की घरी, हे तिला आठवेना. सकाळ आहे की संध्याकाळ, तेही कळेना. सिग्नल सुटला. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजायला लागले, एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून तिची अक्कल काढली, आणि ती पर्स छातीशी धरून तशीच उभी. शेवटी वाहतुकीच्या हवालदारानं दंडाला धरून कडेला आणलं आणि विचारलं, "मावशी, जायचं कुठं?" तिला सांगता आलं नाही. रसवंतीच्या बाकावर ती बराच वेळ बसून राहिली, तेव्हा कुठे आठवलं, की आपण घरी चाललो होतो.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी घरात शिरल्यावर माईंनी विचारलं, की अळूवडीची पानं आणलीस का. कुंदा त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मी बाजूला आहे."

इतकं सोपं होतं ते. माईंनी ताट वेगळं काढलं. मधुकरनं गादी घातली. अबोलीनं तोंड वाकडं करून कुकर लावला. आणि कुंदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली, ऑफिसला फोन करून, जन्मात पहिल्यांदा.

मधुकर म्हणतो तसं सांगून बघितलं नव्हतं, असं नव्हतं. मधुकर वाईट माणूस नाही. त्यानं कंपनीतून लवकर निवृत्ती घेतली होती आणि त्याला स्वतःला विश्रांतीसाठी कारण लागत नसे, सोफा पुरायचा. कुंदा म्हणाली होती, मला फार थकायला होतंय. तो लगेच म्हणाला, मग झोप ना, कोणी अडवलंय? ती आत जाऊन पडली. थोड्या वेळानं तो दारात आला आणि अगदी हळू आवाजात, तिची झोप मोडू नये अशा बेतानं, म्हणाला, झोपलीस का गं? चहाची साखर कुठल्या डब्यात असते? एकदा तिनं नुसती रजाही काढून पाहिली होती. माईंना ती रजा आहे हे आदल्या दिवशीच कळलं, आणि डोळ्यांचे डॉक्टर, बँकेतला हयातीचा दाखला, वर्षाचा गोडा मसाला, सगळं त्या एका दिवसात बसवलं गेलं. निरोगी, हिंडतीफिरती बाई घरात दिसते आहे आणि ती काही करत नाही, हे दृश्य त्या घरातल्या कोणाच्या डोळ्यांना सहन होत नसे. कुंदाच्या स्वतःच्याही नाही. गादीवर पडली तरी तिचे कान स्वयंपाकघरात असायचे. बाल्कनीच्या पट्टीपलीकडे मात्र कान आपोआप बंद होत, कारण तिकडचं काही ऐकू आलं तरी उठायची तिला बंदी होती.

म्हणून ती दर महिन्याला खोटं बोलत राहिली. माईंच्या गुडघ्यांचं वाईट वाटायचं. वाईट वाटत असतानाच झोप लागायची.

हळदीकुंकू छान झालं. सगळ्या बायकांनी डाळीची तारीफ केली आणि कुंदाबाई या वर्षी भेटल्या बाई, असं प्रत्येकीनं म्हणून दाखवलं. माईंनी पाहुण्यांसमोर चेहरा हसरा ठेवला. बायका गेल्यावर त्या म्हणाल्या, आता तू कायमची मोकळी आहेस, तेव्हा उद्यापासून देवाचं तूच बघायचं. पूजा, नैवेद्य, एकादशीचं वेगळं, सगळं. माझ्यानं आता वाकवत नाही. यात सूड होता की नुसतं वय, हे कुंदाला ठरवता आलं नाही. ती पहाटे अर्धा तास आधी उठायला लागली.

अबोलीचा राग चार-आठ दिवसांत निवळला आणि तिनं आईची तब्येत हाती घेतली. कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी वर्ग आणि व्याख्यानं ठरवणं हेच तिचं काम होतं, त्यामुळे तिच्याजवळ शब्द तयार होते. "आई, तुला बर्नआउट आहे. हे असं लपूनछपून नाही करायचं. नीट रेस्ट शेड्यूल करायची." तिनं आईच्या फोनवर श्वास मोजणारं एक ॲप टाकून दिलं. ते दिवसातून तीनदा वाजायचं, आणि कुंदाला वाटायचं, घरातलं अजून एक माणूस आपल्याला हाक मारतंय. मग अबोलीनं कर्जतजवळचं एक रिसॉर्ट ठरवलं, सगळ्यांसाठी. सगळ्यांच्या बॅगा कुंदानं भरल्या. माईंची औषधं, मधुकरचं पांघरूण, वाटेत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या. परत आल्यावर सगळ्यांचे कपडे धुतले.

मधुकरनंही एक रविवार जाहीर केला. आज कुंदानं काही करायचं नाही, आज मी पुलाव करणार. ती आतल्या खोलीत आडवी पडली आणि बाहेरून एकेक हाक येत गेली. तमालपत्र कुठे आहे? ते कुकरला चालतं का? किती पाणी? दुपारी त्यानं पुलावाचं ताट तिच्यापुढे धरलं आणि ती जेवेपर्यंत तो तिच्या तोंडाकडे बघत बसला. पुलाव चांगला झाला होता. ओट्याची अवस्था बघून संध्याकाळी तिला रडू आलं, पण तेव्हा तो इतका खूश होता, की ती काही बोलली नाही.

असा एक महिना गेला, मग दुसरा. बाल्कनीतली गादी गुंडाळून माळ्यावर गेली होती. वेगळं ताट माईंनी कामवालीला देऊन टाकलं. बाल्कनीत आता कपड्यांचा स्टँड उभा असायचा.

निकालाच्या दिवसांत माईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. सकाळचे आणि संध्याकाळचे कुंदाकडे, दुपारचे मधुकरकडे. त्या दिवशी एका वर्गाच्या निकालात घोळ झाला होता. कुंदा दिवसभर उभी होती, पालकांच्या शिव्या खात. त्या घोळातली चूक तिची होती की नव्हती, हेही तिला सांगता येईना, आणि या गोष्टीनं ती सगळ्यात जास्त घाबरली होती. पूर्वी तिला प्रत्येक आकडा आठवायचा.

घरी आली, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला. माई पलंगावर उताण्या पडून वाट बघत होत्या. कुंदानं खिडकीतली छोटी बाटली घेतली, टोपण काढलं, डाव्या हातानं माईंची पापणी वर धरली. आणि माईंनी तिच्या बाटलीच्या हाताचं मनगट पकडलं. दुखरंच मनगट, करकचून.

"हे काय आहे?"

"थेंब."

"वास घे."

कुंदानं बाटली नाकाशी नेली. निलगिरीचं तेल होतं. मधुकरला सर्दी झाली होती, त्याची बाटली. उघड्या, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर तिनं ती कलती केलेली होती. तोंडाशी एक थेंब जमलेला तिला दिसत होता.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बाटली तिच्या हातातून माईंनीच काढून घेतली, चाचपडत टोपण लावलं आणि उशीखाली सारली. हॉलमध्ये मधुकर बातम्या ऐकत होता. माई ओरडल्या नाहीत, हेच कुंदाला विचित्र वाटत होतं.

"माझी थांबली तेव्हा मी रडले होते," माई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. "सासूबाईंना वाटलं, आता देवाचं करायला मिळणार म्हणून आनंदानं रडतेय."

कुंदानं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"पण मी खोटं नाही बोलले," माई म्हणाल्या. "तुझ्यासारखं."

"मग काय केलंत?"

माईंनी खांदे उडवल्यासारखं केलं. "केलं. सगळ्यांचं केलं. तुम्ही दोघं बाहेरून आलात की ओरडायची ना मी? मधुकर म्हणायचा, माईचा स्वभाव बदलला, चिडकी झाली. स्वभाव कुठला?" मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात, "जा, थेंबांची बाटली आण. आणि मधुकरला सांग घालायला. तू नको."

कुंदा उठली. मधुकरला तिनं फक्त थेंब घालायला सांगितलं, बाकी काही नाही. माईंनीही सांगितलं नाही. उशीखालची बाटली दुसऱ्या दिवशी पुन्हा मधुकरच्या सर्दीच्या सामानात होती.

पुढचे दिवस कुंदा प्रत्येक गोष्ट दोनदा बघत होती. गॅस बंद आहे ना, मीठ म्हणून मीठच टाकतोय ना, कॉलेजात नाव आणि नंबर एकाच मुलाचे आहेत ना. दोनदा बघितल्यावर तिसऱ्यांदा बघावंसं वाटायचं. स्वतःच्या हातांकडे ती अशी बघायची, जसं एखाद्या नव्यानं ठेवलेल्या बाईच्या हातांकडे बघावं. शनिवारी कॉलेजातून आल्यावर ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरची गादी खाली काढली. मधुकरनं विचारलं, कोणी येणार आहे का? ती नाही म्हणाली. कपड्यांचा स्टँड उचलून तिनं हॉलच्या कोपऱ्यात ठेवला. तिथे तो सगळ्यांच्या पायात येत होता. कोणी हलवला नाही.

रविवारी दुपारी चौघं एकत्र जेवली. माईंच्या डोळ्याला अजून काळा चष्मा होता. अबोली पुढच्या आठवड्यातल्या कुठल्याशा योगाच्या वर्गाबद्दल सांगत होती, आईचंही नाव घालते म्हणाली. कुंदानं जेवण संपवलं, हात धुतले, आणि टेबलाशी परत येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मंगळवारी मी माईंच्या डोळ्यात निलगिरीचं तेल घालणार होते," ती म्हणाली. "त्यांनी हात धरला म्हणून वाचलं."

मधुकरचा घास हातात राहिला. त्यानं आईकडे पाहिलं. माई ताटातला भात कालवत होत्या. "खरं आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या.

अबोलीनं काही बोलायला तोंड उघडलं. कुंदानं हातानंच तिला थांबवलं.

"त्याच्या आधी एकदा मी रस्त्यात मध्यावर उभी राहिले होते, कुठे चाललेय ते न आठवता. तेही कोणाला माहीत नाही. आता सांगितलं." तिचा आवाज चढलेला नव्हता. हॉलतिकिटासाठी काय काय आणायचं ते खिडकीतून मुलांना सांगायची, तसा होता. "येत्या गुरुवारपासून रविवारपर्यंत मी बाल्कनीत बसणार आहे. दर महिन्याला बसणार आहे. पाळी नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी विटाळाची नाही आणि आजारीही नाही. योगाला माझं नाव घालू नकोस."

"अगं, पण कोणी आलं, विचारलं तर सांगायचं काय?" मधुकर म्हणाला. "काहीतरी कारण नको का?"

"कारण नाही."

"आणि देवाचं?" माईंनी विचारलं. काळ्या चष्म्याआड त्यांचा चेहरा कळत नव्हता.

"देवाचं चार दिवस अबोली बघेल, नाहीतर देव तसेच राहतील. स्वयंपाक हे करतील. माईंनी ओट्याशी उभं राहायचं नाही. साखर कुठे असते ते आज बघून ठेवा, उद्या बघून ठेवा, गुरुवारी मला विचारायचं नाही." तिनं खुर्ची टेबलाखाली सरकवली. "चार दिवस मला कोणी शिवायचं नाही."